परसातली कोंबडी आणि पाळण्याचा धर्म

मराठीतले ‘पाळणे’ हे क्रियापद मोठे चमत्कारिक आहे. आपण कुत्रे पाळतो, मांजर पाळतो, कोंबड्या पाळतो. आणि शब्दही पाळतो, व्रत पाळतो, पथ्य पाळतो, सुतक पाळतो. तान्हे मूल ज्यात निजते त्यालाही आपण पाळणाच म्हणतो. व्युत्पत्तिशास्त्र याविषयी काय म्हणेल ते म्हणो. पण बोलणाऱ्या माणसांनी हे सारे अर्थ एकाच दावणीला बांधले आणि शतकानुशतके तसेच राहू दिले, ते काही शब्दांचा तुटवडा होता म्हणून नव्हे. घरात जनावर आणणे आणि दिलेले वचन निभावणे ही दोन्ही कामे त्यांना एकाच जातीची वाटली असली पाहिजेत.

आज मात्र यातला पहिला अर्थ तेवढा आपल्या हाती उरला आहे आणि दुसरा सांडत चालला आहे, असे मला वाटते. जनावर पाळण्याची हौस वाढली आहे. पाळण्याचा धर्म कमी झाला आहे. हे म्हणणे पटवून देण्यासाठी मी वाघसिंहांची किंवा हत्तीघोड्यांची उदाहरणे घेणार नाही. ज्या प्राण्याला कोणी फारसा मान देत नाही, ज्याच्या नावाचा उपयोग आपण बहुधा माणसाची अक्कल काढण्यासाठी करतो, त्या परसातल्या कोंबडीपासूनच सुरुवात करू.

ज्यांनी परस पाहिले आहे त्यांना त्याचे वर्णन नको आणि ज्यांनी पाहिले नाही त्यांना ते सांगून पुरे पडणार नाही. न्हाणीच्या पाण्यावर पोसलेले अळू, एका अंगाला गोठा, भिंतीला टेकून खुराडे आणि पलीकडे उकिरडा, एवढाच त्याचा विस्तार. पहाटे खुराड्याचे फळकूट बाजूला केले की कोंबड्या एकीमागून एक बाहेर पडतात, पंख झाडतात आणि दिवसभराच्या उद्योगाला लागतात. तिन्हीसांजेला त्या आपल्या आपण परततात. घरच्या माणसाने फक्त मोजायच्या. मोजणीत एक जरी कमी भरली तरी कोणीतरी हातात बॅटरी घेऊन बांधाकडे निघते, आणि ती सापडेपर्यंत चुलीवरचे कालवण तसेच राहते. ही मोजणी मला महत्त्वाची वाटते. जो रोज मोजतो तोच पाळतो; बाकीचे नुसते बाळगतात.

आमच्या घरी कोंबड्यांना नावे आहेत, पण ती माणसांची नव्हेत. काबरी, तांबडी, उघड्या मानेची, तुरेवाली, अशी रूपावरून पडलेली. पिल्लू मोठे झाले की त्याची तलंग होते. तलंग पहिले अंडे घालण्याच्या बेतात आली की घरभर जागा शोधत फिरते, आणि धान्याच्या कणगीमागे, जुन्या पाटीत, प्रसंगी अंथरुणाच्या वळकटीतही तिचा निवाडा होतो. पुढे एखादी खुडूक होते. मग तिला अकरा किंवा तेरा अंड्यांवर बसवायचे आणि एकवीस दिवस तिची तपश्चर्या पाहायची. ती दिवसातून एकदा घाईघाईने उठते, चार दाणे टिपते, पाणी पिते आणि पुन्हा जाऊन बसते. चोचीने अंडी फिरवत राहते. शेवटच्या एकदोन दिवसांत कवचाच्या आतून पिल्लाचा बारीक आवाज येऊ लागतो आणि ती घशातल्या घशात त्याला उत्तर देते. ज्याने हा संवाद ऐकला आहे त्याला ‘मुके जनावर’ हा शब्दप्रयोग पुढे जपूनच वापरावा लागतो.

त्याच परसात मांजर असते आणि कुत्राही असतो. कागदावर हे तिघे एकमेकांचे वैरी. व्यवहारात मात्र त्यांच्यात एक अलिखित करार झालेला असतो. पिल्लांची आई मांजराच्या नाकावर एकदा चोच मारते आणि तो प्रश्न कायमचा मिटतो. एरवी मुंगसाची चाहूल लागताच छपरावर उडणारी तीच कोंबडी पिल्ले पंखाखाली असताना कुत्र्याच्याही अंगावर जाते. आकाशात घार फिरू लागली की तिच्या घशातून एक आवाज निघतो आणि जमिनीवरून शत्रू येत असेल तर दुसरा. आणि कुत्रा हे दोन्ही ओळखू लागतो. कोंबड्यांचे आकाशातल्या आणि जमिनीवरच्या शत्रूंसाठी इशारे वेगवेगळे असतात ही गोष्ट संशोधकांनी प्रयोग करून सिद्ध केली आहे. आमच्या आजीला ती परसातच कळली होती. संशोधन आणि अनुभव यांची अशी गाठ पडते तेव्हा दोहोंविषयीचा आदर वाढतो.

कोंबडीला मूर्ख म्हणणाऱ्यांसाठी आणखी थोडी माहिती द्यायला हरकत नाही. नॉर्वेतील थोर्लाइफ शेल्डरूप-एबे याला लहानपणापासून कोंबड्यांचे वेड. कोणती कोंबडी कोणाला चोच मारते आणि कोणाची चोच खाऊन घेते, याची तो वर्षानुवर्षे टिपणे ठेवीत असे. त्यातून त्याने १९२१ साली मांडले की कळपात प्रत्येक कोंबडीची पायरी ठरलेली असते आणि प्रत्येकीला ती माहीत असते. प्राण्यांच्या समाजरचनेच्या अभ्यासातला हा एक पायाचा दगड. तो एका मुलाने घरच्या कोंबड्यांकडे पाहून बसवला. कोंबडा झाकला म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, अशी आपली म्हण आहे. २०१३ साली जपानमधील नागोया विद्यापीठातील संशोधकांनी दाखवून दिले की कोंबडे सततच्या अंधुक उजेडात कोंडून ठेवले तरी ठरल्या वेळी आरवतात, कारण घड्याळ त्यांच्या शरीरातच असते. म्हणजे कोंबडा झाकला तर तांबडे फुटायचे राहत नाहीच, पण कोंबडा आरवायचाही राहत नाही!

मानवजातीवर या पक्ष्याचे ऋण किती आहे याची मोजदाद आपण कधी केलेली नाही. लुई पाश्चरने १८७९-८० च्या सुमारास कोंबड्यांच्या कॉलऱ्याचे जंतू दुबळे करून त्यांपासून लस केली. त्याच वाटेने पुढे जाऊन १८८५ साली पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशावरची लस माणसाला टोचली गेली. जावामध्ये ख्रिस्तियान आइकमान बेरीबेरी या रोगाचे कारण शोधत होता. त्याच्या प्रयोगशाळेतल्या कोंबड्या इस्पितळाच्या स्वयंपाकघरातील सडीक तांदळाचा भात खात होत्या तोवर लुळ्या पडत होत्या. तो भात बंद होऊन असडी तांदूळ मिळू लागताच त्या बऱ्या झाल्या. त्या निरीक्षणातून जीवनसत्त्वांच्या शोधाची दिशा सापडली आणि १९२९ साली आइकमानला नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. पारितोषिक आइकमानला मिळाले हे योग्यच झाले. पण लुळ्या पडल्या त्या कोंबड्या, हेही विसरू नये.

शिवाय ही आपल्याच मातीतली आहे. आग्नेय आशियातील तांबडा रानकोंबडा हा पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज; माणसाच्या घराशी तिचे नाते सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी जुळले असावे, असे २०२२ साली प्रसिद्ध झालेले संशोधन सांगते. पण अनेक कोंबड्यांचे पाय आणि कातडी पिवळी दिसते, तो गुण तांबड्या रानकोंबड्याचा नव्हे. तो राखी रानकोंबड्याकडून आला, असे २००८ साली आढळून आले. हा राखी रानकोंबडा म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या रानात पहाटे ओरडतो तोच. जगातल्या कुठल्याही देशातली पिवळ्या पायांची कोंबडी उचलली तर तिच्या पायांत या वंशाची खूण आहे!

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. परसातली कोंबडी ही हौसेची वस्तू कधीच नव्हती. ती घरातल्या बाईची पेढी होती आणि पुष्कळ घरांत आजही आहे. शेतातला माल पुरुष बाजारात नेतो, दुधाचा हिशेब डेअरीच्या वहीत लागतो. पण अंड्यांचे आणि कोंबडीचे पैसे मात्र बाईच्या हाती येतात आणि तिथेच राहतात. वह्यापुस्तके, एस.टी.चा पास, आजारपणातली गोळी, माहेरी जाण्याचे भाडे, हे सारे त्या पैशातून निघते आणि त्यासाठी कोणापुढे हात पसरावा लागत नाही. भूमिहीन घराला म्हैस परवडत नाही. चार कोंबड्या परवडतात. २०१९ साली जाहीर झालेल्या विसाव्या पशुगणनेत देशातील परसातल्या कोंबड्या व इतर पाळीव पक्ष्यांची संख्या सुमारे ३१ कोटी ७० लाख भरली. २०१२ च्या गणनेपेक्षा ती जवळजवळ ४६ टक्क्यांनी वाढलेली होती. अंड्यांचे कारखाने उभे राहिले म्हणून परसातली कोंबडी संपली, असे समजणाऱ्यांनी हा आकडा ध्यानात घ्यावा.

कारखान्याचा उल्लेख आलाच आहे तर त्याविषयीही दोन शब्द. गावठी कोंबडी वर्षाला साठ-ऐंशी अंडी देते; कारखान्यातली तीनशेच्या वर. स्वस्त अंड्याने गरीब घरातल्या मुलांच्या ताटात प्रथिने आली, हे कोणी नाकारू नये. मीही नाकारीत नाही. परंतु त्या तीनशे अंड्यांसाठी कोंबडीला तारेच्या पिंजऱ्यात जी जागा मिळते ती वहीच्या एका पानाहूनही कमी असते. तिथे पंख पसरता येत नाहीत, माती उकरता येत नाही, अंडे घालायला आडोसा शोधता येत नाही. भारतीय विधी आयोगाने २०१७ साली आपल्या २६९ व्या अहवालात या प्रश्नाची दखल घेतली. अंड्यांच्या जातीत जन्मलेले नर पिल्लू अंडीही देत नाही आणि त्याच्या अंगावर पुरेसे मांसही चढत नाही, म्हणून जगभरच्या उबवणी केंद्रांतून ते पहिल्याच दिवशी मारले जाण्याची रीत पडली. जर्मनीने २०२२ च्या आरंभापासून ती कायद्याने बंद केली. इथे कोंबडी ‘पाळली’ असे म्हणण्याचे धाडस मराठी भाषेला होत नाही. म्हणून तर आपण त्याला ‘कुक्कुटपालन’ हा जड शब्द वापरतो!

यावर एक आक्षेप हमखास येतो. कोणी म्हणेल, “तुम्ही कारखान्याला नावे ठेवता, पण परसातल्या कोंबडीचा शेवट काय होतो? पाहुणा आला की तिचेच कालवण ना?” आक्षेप खरा आहे आणि त्याला बगल देणे लबाडीचे होईल. ज्या घरात कोंबड्या आहेत त्या घरातल्या मुलांना हा प्रसंग नवा नाही. आदल्या दिवशी ज्याच्यामागे धावलो तो तुर्रेबाज कोंबडा जावईबापूंच्या आगमनानिमित्त नाहीसा होतो. कोकणात तर राखणदाराला राखण द्यायची म्हणूनही कोंबडा जातो. त्या दिवशी घरातले एखादे मूल जेवत नाही, आणि मोठी माणसे त्याला रागावत नाहीत. न रागावण्यातच पुष्कळ काही आहे. त्या घराला ठाऊक असते की ताटात जे आले आहे ते कोणाच्या तरी जिवाचे मोल देऊन आले आहे.

ज्यांना हे मोल देणे मान्य नाही त्यांनी मांस खाऊ नये. गळ्यात माळ घालून पिढ्यान्‌पिढ्या तसे जगणारी घरे आपल्या गावोगाव आहेत आणि त्यांच्याविषयी मला नितांत आदर आहे. ज्यांना खायचे आहे त्यांनी खावे. पण ते जनावर जगताना कसे जगले याची जबाबदारी आपली आहे, एवढे मानावे. प्रेमाने वाढवून शेवटी कापणे यात विसंगती आहे, कबूल. परंतु जन्मापासून मरेपर्यंत एकदाही माती पाहू न देता वाढवायचे आणि पिशवीतून आणताना त्याचा विचारही मनात येऊ द्यायचा नाही, यात विसंगती नाही असे वाटत असेल तर ते केवळ आपल्या डोळ्यांआड आहे म्हणून. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड. त्यातली शेळी निदान खाणाऱ्याला दिसलेली तरी असे.

शहरातल्या पाळीव प्राण्यांचे दुखणे याच्या नेमके उलटे आहे. तिथे प्राण्याला कोणी कापत नाही. तिथे त्याला लाडाने मारतात. एका मोबाईल कंपनीच्या जाहिरातीत चपट्या नाकाचे पग जातीचे कुत्रे झळकले आणि घरोघरी तसले कुत्रे आले. नाक चपटे असल्यामुळे त्याला श्वास घ्यायला त्रास होतो, उन्हाळा त्याला सोसत नाही, हे घरी आणल्यावर कळले. सैबेरियाच्या बर्फातले हस्की आपण मे महिन्यातल्या मराठवाड्यात आणि विदर्भात आणतो. २०२० च्या टाळेबंदीत घरात बसून कंटाळलेल्यांनी पिल्ले आणली. कामधंदे सुरू झाल्यावर त्यांतली काही रस्त्यावर आली. रस्त्यावर जन्मलेल्या कुत्र्याला रस्त्याची रीत माहीत असते; सोफ्यावर वाढलेले कुत्रे तिथे चार दिवसही नीट काढत नाही. प्राण्याला उपासमारीत टाकून सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. मात्र त्या कायद्याने पहिल्या गुन्ह्यासाठी लिहून ठेवलेला दंड दहा ते पन्नास रुपये. शब्द मोडण्याची किंमत इतकी स्वस्त कुठेच नसेल.

पोपटाची गोष्ट तर आणखी वेगळी. पिंजऱ्यातला ‘विठू विठू’ म्हणणारा पोपट हे आपल्या घरगुती सुखाचे चित्र मानले गेले. परंतु आपल्याकडचे रानपोपट पकडणे, विकणे व पिंजऱ्यात ठेवणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, आणि तो तसा असायलाच हवा. कोंबडीचे खुराडे पहाटे उघडले तर ती संध्याकाळी परत येते. पोपटाचा पिंजरा उघडला तर तो येणार नाही, म्हणून तर पिंजऱ्याला कडी असते. दार उघडे ठेवून जो राहतो तो पाळलेला, आणि दार लावल्यामुळे जो राहतो तो कोंडलेला. ही कसोटी सोपी आहे आणि पुष्कळ ठिकाणी लावून पाहण्याजोगी आहे.

दुसरा आक्षेप शेजाऱ्यांचा. कोंबडा चार वाजता आरवतो, खुराड्याला वास येतो, कुत्रा अंगावर येतो, मांजर दूध सांडते. शेजाऱ्याची झोप आणि शेजाऱ्याच्या मुलाची पोटरी यांनाही काही हक्क आहेत. भारतीय प्राणी कल्याण मंडळाने २०१५ साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे गृहनिर्माण संस्थांना प्राणी पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही. पण या सूचनांचा आधार घेऊन शेजाऱ्याला दमात घेणारे प्राणिप्रेमी मी पाहिले आहेत, आणि त्यांच्यामुळे प्राण्यांचे मित्र कमी होतात असे माझे मत आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातील भटक्या कुत्र्यांविषयी प्रथम एक कडक आदेश दिला आणि काही दिवसांतच तो सौम्य केला. त्यावेळी देशभर जो गदारोळ झाला त्यात कुत्र्यांवर प्रेम करणारे आणि कुत्र्यांना भिणारे एकमेकांचे ऐकूनच घेत नव्हते. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस बहुधा वाचत नाही, आणि चावा बसताच जखम साबणपाण्याने पंधरा मिनिटे धुऊन वेळेवर लस घेतली तर बहुधा दगावत नाही. या दोन वाक्यांमध्ये कुत्रा पाळणाऱ्याचे सारे कर्तव्य येते. दरवर्षी लस टोचा, साखळी हातात ठेवा, घाण आपण उचला. मग हक्कांची भाषा बोला.

तिसरा आक्षेप सर्वांत जुना आहे. माणसे उपाशी असताना जनावरांचे लाड कशाला? याचे उत्तर आपल्या संतकथांनी केव्हाच दिले आहे. एकनाथांनी रामेश्वराला नेण्याची गंगेची कावड तहानलेल्या गाढवाच्या मुखी रिकामी केली, आणि भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले. दोघेही श्रीमंत नव्हते. आपल्याकडे गोग्रास आणि काकबळी काढणारी घरेही सगळी सुखवस्तू नव्हती. कोंबड्या पाळणारे घर तर बहुधा गावातले गरीबच असते. जनावराला घास देणारा माणसाचा घास हिरावून घेतो, असा अनुभव निदान मला आलेला नाही. जो एकाला देतो तो दुसऱ्यालाही देताना दिसतो. तरीसुद्धा एक भेद सांगितला पाहिजे. भूतदया वेगळी आणि पाळणे वेगळे. दया वाटेत भेटलेल्या जनावरावर करता येते आणि ती करून पुढे जाता येते. पाळणाऱ्याला पुढे जाता येत नाही. त्याला उद्याही यायचे असते, ज्वर असला तरी, परीक्षा असली तरी, लग्नाला जायचे असले तरी.

आणि मुख्य म्हणजे जनावर आजारी पडते तेव्हा. माणसाच्या घरातल्या प्राणिप्रेमाची खरी परीक्षा तिथे होते. परसातल्या कोंबड्यांचा काळ म्हणजे मानमोडी, जिला राणीखेत असेही नाव आहे. ऋतू पालटला की ती येते. कोंबड्या माना वाकड्या करतात, हिरवट हगतात आणि आठवडाभरात अख्खे खुराडे रिकामे होते. ज्या बाईच्या चार हजारांच्या कोंबड्या मरतात तिचे नुकसान कोणत्याही पंचनाम्यात येत नाही. वर्तमानपत्रातही येत नाही. २००६ च्या फेब्रुवारीत नवापूरला बर्ड फ्लू आला, मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यातल्या काही गावांत आला, जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्याला आला, तेव्हा मात्र सारे राज्य हादरले. साथ आटोक्यात ठेवण्यासाठी मोठ्या शेडमधल्या कोंबड्यांबरोबर परसातल्या धडधाकट कोंबड्याही माराव्या लागतात. तो निर्णय शास्त्राला धरूनच असतो. परंतु पोत्यात घातलेली कोंबडी जिची आहे तिच्या दारात त्या दिवशी कोणी उभे राहावे, असे मात्र कोणाच्या आज्ञापत्रात लिहिलेले नसते.

मानमोडीवर लस आहे, ती जुनी आहे आणि स्वस्तही आहे. पिल्लू पाच-सात दिवसांचे असताना लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात टाकायचा. सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास आर-टू-बी ही लस टोचायची. मग एवढ्या कोंबड्या का मरतात? कारण अगदी साधे आहे. लसीच्या एका बाटलीत शंभर किंवा त्याहून अधिक मात्रा असतात. ती बर्फात ठेवावी लागते आणि एकदा कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते. दहा कोंबड्यांच्या मालकिणीने ती बाटली आणून करायचे काय? शास्त्र आहे, औषध आहे, दवाखानाही आहे; नाही ती दहा घरांना एका संध्याकाळी एकत्र आणणारी माणसे.

विद्यार्थिमित्रांनो, ही माणसे आपण होऊ शकतो. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ सालापासून चालू आहे. तिच्या शिबिरांत आपण रस्ते झाडतो, खड्डे खणतो, पथनाट्ये करतो. ते सारे चांगलेच आहे. मी एवढेच सुचवतो की, दत्तक घेतलेल्या गावात एक संध्याकाळ कोंबड्यांसाठी द्यावी. दिवसा कोंबड्या रानोमाळ असतात, पण तिन्हीसांजेनंतर त्या खुराड्यात हाताशी असतात. आदल्या दिवशी घरोघर फिरून संख्या लिहून घ्यावी, तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याशी बोलून बाटली बर्फात आणावी, लस डॉक्टरांनी किंवा त्यांच्या देखरेखीखाली द्यावी आणि आपण कोंबड्या धरून द्याव्यात. दोन तासांत एक वस्ती होईल. त्याच फेरीत कुत्र्यांच्या लसीचीही नोंद घेता येईल. याला निधी फारसा लागत नाही, व्यासपीठ लागत नाही आणि हारतुरेही लागत नाहीत. वर्षातून ठराविक वेळी पुन्हा जावे लागते, एवढाच काय तो त्रास.

आपण कला शाखेचे विद्यार्थी; कोंबड्यांशी आपला काय संबंध, असे कोणाला वाटेल. मला तर वाटते की शब्दांचा अर्थ सांभाळणे हेच आपले काम आहे, आणि ‘पाळणे’ हा शब्द वर्गात बसून सांभाळता येणार नाही. एकदा एका वस्तीवर जाऊन लस दिली आणि पुढच्या वर्षी गेलोच नाही, तर तीही हौसच ठरेल. म्हणून पहिल्या संध्याकाळीच पुढच्या फेरीची तारीख वहीत लिहावी, वस्तीवरच्या बायकांना ती सांगावी, आणि आपण पदवी घेऊन निघून गेलो तर ती वही कोणाच्या हाती द्यायची तेही ठरवूनच निघावे.